‘अंदाज अचूक द्या, बाकीचं लोक बघून घेतील’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

पूर आला, वादळ आलं, उष्णतेची लाट आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: हवामानशास्त्रज्ञांनी अचूक अंदाज द्यावा, त्यापुढे त्यांचं काम संपलं. ‘हवामान सेवा’ (म्हणजे अंदाजाचा निर्णयासाठी उपयोग व्हावा म्हणून लोकांसोबत केलेलं काम) या नावाखाली चालणाऱ्या बैठका, सल्ले, प्रशिक्षणं हा वायफळ खर्च आहे, तो पैसा महासंगणकांत घालावा. टक्केवारीत बोलणं ही जबाबदारी झटकण्याची युक्ती आहे. माहिती सगळ्यांना खुली आहे, ज्याला हवी तो घेईल. उरलंसुरलं काम कृत्रिम बुद्धिमत्ता करेल. आणि ज्यांना पुढच्या आठवड्याचं धड सांगता येत नाही त्यांनी २१०० सालाबद्दल बोलू नये.

हा मजकूर पुढे पाठवणारे बेजबाबदार आहेत असं मी मानत नाही. बरेच जण कुठल्या तरी चुकलेल्या अंदाजाने पोळलेले असतात. पण धोरण ठरवणाऱ्यांनी तो मनावर घेतला तर त्याची किंमत माणसांच्या जिवाने चुकवावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अंदाज अचूक झाला की त्याचा उपयोग आपोआप होतो’

अंदाज खरोखरच सुधारले आहेत. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना साधारण एका दिवसाची भर पडली; म्हणजे आजचा सहा दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या पाच दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा आहे. यामागचं काम अफाट आहे आणि ते चालूच राहायला हवं. पण तेवढ्याने भागत असतं तर जर्मनीत जुलै २०२१ मध्ये जे घडलं ते घडलं नसतं.

१४ जुलैच्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. युरोपच्या पूरसूचना यंत्रणेकडून पहिल्या सूचना त्याच्या काही दिवस आधीच गेल्या होत्या. अतिमुसळधार पावसाचे इशारेही निघाले होते. तरीही त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. नदीच्या मुखाजवळच्या झिंत्सिग गावात अपंग व्यक्तींचं एक निवासगृह होतं. तळमजल्यावर पाणी शिरलं आणि तिथले १२ जण बुडून मेले. त्यांना वाचवणारा निर्णय साधा होता: सगळ्यांना वेळेत वरच्या मजल्यावर न्या. ‘अमुक मिलीमीटर पाऊस’ या वाक्यातून तो निर्णय निघत नाही. पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येईल, किती वाजता येईल, आणि हे रात्रीच्या पाळीवरच्या माणसाला कोण कळवेल, यातून तो निघतो. नेमका हाच दुवा तुटला होता. महासंगणक दुप्पट वेगवान असता तरी तो जोडला गेला नसता.

याची उलट बाजू बंगालच्या उपसागरात दिसते. नोव्हेंबर १९७० चं भोला चक्रीवादळ उपग्रहाने टिपलं होतं, पण किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत त्यांना समजेल असा इशारा पोचला नाही आणि तीन लाखांहून अधिक माणसं मेली. १९७२ मध्ये बांगलादेशात चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला: गावोगावी स्वयंसेवक, हातातले कर्णे, झेंड्यांच्या खुणा, घरोघरी जाऊन सांगणं. पुढे निवारे, बंधारे, रस्ते झाले आणि अंदाजही सुधारले, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या इशाऱ्याला देणं अन्यायाचं होईल. पण २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशातल्या मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हा फरक एकट्या संगणकांनी पडलेला नाही.

‘टक्केवारी म्हणजे पळवाट, ठाम आकडा द्या’

हा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो आणि सगळ्यात घातक आहे.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातलं ग्रँड फोर्क्स शहर, १९९७ चा वसंत ऋतू. रेड नदीची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज आधीच दिला गेला होता. लोकांनी तो आकडा प्रमाण मानला, त्यावर थोडी भर घालून बांध उंच केले आणि निश्चिंत झाले. एप्रिलमध्ये नदी ५४ फुटांच्या वर गेली. शहर जवळपास रिकामं करावं लागलं. गंमत पाहण्यासारखी ही गोष्ट नाही, शिकण्यासारखी आहे: अशा अंदाजांत काही फुटांची चूक होऊ शकते हे अंदाज देणाऱ्यांना माहीत होतं. पण तो पल्ला शहराला ठळकपणे सांगितलाच गेला नाही. लोकांच्या हाती पडला तो एकच ठाम आकडा, म्हणजे या मजकुरात मागितला आहे अगदी तसाच.

शक्यता सांगितली की निर्णय कसा होतो तेही पाहू. बंदरावर क्रेनचं काम चालू आहे. वारा सुरक्षित मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता २० टक्के सांगितली आहे. काम काही तास थांबवण्याचा खर्च १ धरला, आणि न थांबवता वारा आलाच तर होणारं नुकसान २०, तर १ भागिले २०, म्हणजे शक्यता ५ टक्क्यांच्या वर गेली की थांबणं फायद्याचं. तेव्हा २० टक्के ऐकताच क्रेन थांबायला हवी. त्याच वेळी त्याच बंदराकडे येणारं एक जहाज दुसरीकडे वळवायचं का, हाही प्रश्न आहे. वळवण्याचा खर्च १ आणि न वळवता वारा आला तर नुकसान फक्त २. इथे उंबरठा ५० टक्क्यांचा, म्हणून जहाज वळवू नये. अंदाज एकच, निर्णय दोन, एकमेकांच्या उलट, आणि दोन्ही बरोबर. ‘वारा येईल’ किंवा ‘येणार नाही’ असं ठोकून सांगितलं असतं तर दोघांपैकी एक नक्की फसला असता.

माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे असा भागाकार पुरत नाही, हे मान्य. तिथे उंबरठा किती खाली ठेवायचा आणि किती खोटे इशारे सोसायचे, हे समाजाने आणि प्रशासनाने ठरवायचं असतं. पण ते ठरवायला आधी शक्यता हातात हवी.

आणि टक्केवारीत जबाबदारी टळते हेही खरं नाही. ज्या ज्या दिवशी ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ असं सांगितलं ते सगळे दिवस बाजूला काढा आणि मोजा. त्यांत पाऊस पडलेल्या दिवसांचं प्रमाण साधारण ३० टक्के नसेल तर अंदाज देणारा चुकतो आहे. ही तपासणी हवामान संस्था नेहमी करतात. ‘पावसाची शक्यता आहे’ एवढंच मोघम सांगणाऱ्याला मात्र कधीच पकडता येत नाही. पळवाट असेल तर ती तिथे आहे.

‘माहिती खुली आहे, ज्याला हवी तो घेईल’

माहिती खुली असणं फार मोलाचं आहे, पण ‘बाकीचं लोक बघतील’ म्हटल्यावर काय होतं हे झिंबाब्वेत १९९७-९८ च्या हंगामात दिसलं. एल निनो जोरात होता आणि पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढली आहे, असा हंगामी अंदाज निघाला. लोकांपर्यंत पोचेपर्यंत त्याचा ‘दुष्काळ येणार’ झाला. बँकांनी शेतकर्‍यांच्या कर्जाचा हात आखडला, आणि अनेकांनी पेरणी कमी केली. दुष्काळ मात्र भाकीत केला तितका तीव्र पडला नाही. मूळ अंदाज शक्यतेच्या भाषेत होता, पण तो ठाम भाकीत होऊन पोचला आणि त्याचा फटका सर्वांत छोट्या शेतकऱ्याला बसला. अंदाजाचा अर्थ लावायला त्याच्यासोबत कुणी बसलं नव्हतं; बँकेने मात्र आपल्या सोयीचा अर्थ लावून घेतला. माहिती मोकळी सोडली की ज्याच्याकडे आधीच बळ आहे तो ती आधी वापरतो.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं करेल’

२०२३ पासून ग्राफकास्ट, पांगू-वेदर यांसारखी मॉडेलं काही मिनिटांत दहा दिवसांचा अंदाज काढतात, आणि अनेक कसोट्यांवर जुन्या पद्धतीच्या तोडीची किंवा सरस ठरतात. मला याचा मनापासून आनंद आहे. पण मॉडेल देतं दाब, तापमान, वारा, पाऊस. धरणाचे दरवाजे कोणत्या पातळीला उघडायचे, खालच्या गावांना किती तास आधी कळवायचं, आदेशावर सही कुणाची, हे त्याच्या प्रशिक्षणात नव्हतं.

‘आठवड्याचं सांगता येत नाही, २१०० चं काय सांगणार?’

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढच्या आठवड्याचा अंदाज आजच्या वातावरणाच्या नेमक्या स्थितीवर उभा असतो. त्या स्थितीतली लहानशी चूक वाढत जाते, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवलं. शतकाअखेरच्या हवामानाबद्दल बोलताना अमुक तारखेला पाऊस पडेल का, असा प्रश्नच नसतो. हरितगृह वायू वाढले की सरासरी आणि टोकाच्या घटना कशा सरकतात, एवढाच प्रश्न असतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे कळायला पुढच्या मंगळवारचा अंदाज लागत नाही.

तरीही या आक्षेपात एक रास्त चिंता आहे: शतकाअखेरचा एकच आकडा धरून भिंत बांधली आणि तो चुकला तर? लंडनला पुरापासून वाचवण्यासाठी इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने थेम्स नदीच्या मुखासाठी २०१२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात यावर उत्तर काढलं. समुद्र किती चढेल याचा एक आकडा त्यांनी निवडला नाही. उपायांचे वेगवेगळे मार्ग आखले, समुद्रपातळी आणि बांधांची स्थिती यांच्यावर नजर ठेवायची ठरवली, आणि पाणी अपेक्षेपेक्षा वेगाने चढू लागलं तर पुढचा निर्णय अलीकडे ओढायची सोय ठेवली. अनिश्चितता जशीच्या तशी मान्य करूनही काम पुढे सरकतं.

‘हा वायफळ खर्च आहे’

काही खर्च खरोखर वायफळ असतो. कुठलाही निर्णय समोर न ठेवता बनवलेली संकेतस्थळं, कुणीच न उघडणारे नकाशे, निधी संपला की बंद पडणारे प्रकल्प यांवर टीका व्हायलाच हवी. मात्र त्यासाठी चांगल्या कामाचं नाव खराब करू नये. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुना नदीला मोठा पूर येणार असं दिसताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पूर शिगेला पोचण्याआधीच ५२ लाख डॉलर मोकळे झाले. दहा दिवस आधीचा अंदाज ठरलेल्या शक्यतेच्या वर गेला की तयारी सुरू, पाच दिवस आधीच्या अंदाजात पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की वाटप सुरू, अशी रचना होती. अंदाज शंभर टक्के खात्रीचा होईपर्यंत थांबायचं नाही, हे आधीच मान्य करून घेतलं होतं. कोणती खूण, किती टक्के, कुणाला किती पैसे, हे सगळं पूर यायच्या आधीच ठरलं होतं, आणि ते ठरलं होतं बैठकांमध्येच.