मी पायाळू आहे

आज गावाकडं वहिनींचा दहावा होता. परत आले, अंघोळ केली, चहा ठेवला. तो उतू गेला तरी मी ओट्यापाशी तशीच उभी होते. मग म्हटलं लिहूनच टाकावं, नाहीतर आज डोळ्याला डोळा लागायचा नाही.

पुरुष माणसं नदीवर गेली होती. आम्ही बायका ओसरीवर. कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच बरं होतं. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "पायाळू होती म्हणं ती. पायाळूवरच पडती वीज." दोघीतिघींनी माना हलवल्या. एकीनं सुस्कारा टाकला, जणू हिशेब जुळला. भिंतीला टेकून वहिनींची आई बसली होती. दहा दिवसांत चेहरा निम्मा झालाय तिचा. ती मान वर न करता म्हणाली, "न्हाई वो बाई. माझी लेक डोक्याकडूनच झाली. सरळ झाली. सुईणीला इचारा."

ती सुईण जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील. कुणाला विचारणार? पण ती म्हातारी तेच बोलत राहिली. डोक्याकडून झाली, सरळ झाली. लेक गेल्याच्या दहाव्या दिवशी आईला लेकीच्या जन्माची साक्ष द्यावी लागत होती. मला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

कारण त्या ओसरीवर एक पायाळू बाई होतीच. मी. आणि तिथल्या प्रत्येकीला ते माहीत होतं.

ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी: जन्मताना ज्याचं डोकं नाही, पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. शंभरात तीन-चार बाळं दिवस भरल्यावरही अशीच, उलटी असतात. हल्ली बहुतेकांचं सिझर होतं आणि विषय संपतो. मी घरीच झाले, माझ्या आजीच्या हातावर. लहानपणी या पायांना फार मान होता. कुणाच्या पाठीत उसण भरली की बोलावणं यायचं. माणूस ओसरीवर पालथा झोपायचा, मी पाठीवरून तीनदा पाय फिरवायचे, मग हातावर गुळाचा खडा. एकदा परगावचा एक माणूस गुप्तधन दाखवायला मला घेऊन जायचं म्हणत आला होता. वडिलांनी काठी घेऊन त्याला वेशीपर्यंत पिटाळलं.

पण आभाळ भरून आलं की हेच पाय भीतीचे व्हायचे. वैशाखात दुपारभर उकडून उकडून चारच्या सुमाराला एका अंगानं काळी फळी धरायची, वावधान सुटायचं, आणि पहिला गडगडाट कानावर यायच्या आत आजीनं माझं मनगट धरलेलं असायचं. सरळ मधल्या घरात. दारापासून लांब, बाजेवर, पाय वर घेऊन. विळा अंगणात भिरकावून द्यायची, दिवा मालवायची आणि माझ्या अंगावर वाकळ टाकून शेजारी बसायची. बाहेर बहीण, चुलतभाऊ, सगळी पोरं गारा वेचायची, कैऱ्या गोळा करायची. त्यांचा आरडाओरडा ऐकत मी रडायचे. का मीच? आजी म्हणायची, "तू पायाळू हाय माय. तुला न्हाई जाता येत."

आज परतीच्या एसटीत मला ते अंधारं मधलं घर एकसारखं आठवत होतं.

आता दहा दिवसांपूर्वी काय झालं ते सांगते. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, उन्हाळी भुईमूग निघायचे दिवस. चौघी जणी रोजानं शेंगा तोडायला गेल्या होत्या. वावधान आलं. शेतातल्या आखाड्यावर पत्र्याचं चार खांबांचं छप्पर होतं, पण वाऱ्यानं पत्रे थडथडायला लागले म्हणून त्या तिथून निघाल्या आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. लिंबाला एक बैलही बांधला होता. वीज लिंबावर पडली. वहिनी खोडाला सगळ्यात जवळ होत्या. त्या गेल्या, बैल गेला. दोघी भाजल्या, त्यातल्या एकीला अजून एका कानानं ऐकू येत नाही. चौथीला काही झालं नाही. ती सात-आठ हातांवर उकिडवी बसून शेंगांच्या पोत्यावर ताडपत्री दाबत होती.

यात पाय कुठं आले? उंच झाडावर वीज उतरते, खोडातून खाली येताना जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, उरलेली मुळांजवळच्या ओल्या जमिनीत पसरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतला झटका त्याला माणसापेक्षा जास्त बसतो. बैल पायाळू होता का? कुणी विचारलं का त्याच्याबद्दल?

आणि ज्यानं मला रात्री दचकून जाग येते ते वेगळंच आहे. दहा-पंधरा मिनिटं वहिनींना कुणी हात लावला नाही. अंगात वीज आहे, शिवलं की आपल्यालाही धरेल, म्हणून लोक लांब उभे राहिले. वीज अंगात राहत नाही हो! तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. वीज पडलेल्याला त्याच क्षणी हात लावता येतो. बऱ्याचदा हृदय थांबलेलं असतं, छाती दाबत राहिलं तर कधी कधी ते परत चालू होतं. वहिनी वाचल्याच असत्या असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण ती दहा-पंधरा मिनिटं त्यांची होती आणि ती कुणीच त्यांना दिली नाहीत.

लोकांना दोष देऊन उपयोग नाही, हे मला कळतं. कुणी शिकवलंच नाही त्यांना. मलाही नोकरीत एका प्रशिक्षणात कळलं, नाहीतर मीही लांबच उभी राहिले असते.

गावाचं म्हणाल तर निम्म्या घरांचे पत्रे उडाले. खांब आडवे झाले, चार दिवस लाईट नाही, म्हणून नळाला पाणी नाही. उपटून ठेवलेल्या शेंगा भिजून काळ्या पडल्या. आमराईत कैऱ्यांचा खच. पण त्याचं कुणाला फार वाटत नाही, दरवर्षीचंच आहे ते. मान्य, तलाठी दुसऱ्याच दिवशी आले, पंचनामा झाला, वारसांना 4 लाख मिळतील. बैलाचे 32 हजार. मिळावेतच. पण चार लाखांचा कागद रंगवायला जी धावपळ झाली तिचा एक आणा तरी आधी झाली असती तर?

मुंबईत घाटकोपरला 13 मे 2024 ला असंच वादळ आलं होतं. पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. वारा तोच, आभाळ तेच. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं काय विचारलं? 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना 120 बाय 120 चं होर्डिंग उभं कसं राहिलं, परवानगी कुणी दिली, मालक कोण. मोजमापं विचारली, सह्या विचारल्या. बरोबरच केलं. त्या 17 जणांत पायाळू कोण होतं, असं कुणी विचारलं का? आमच्या वहिनींच्या वाट्याला मात्र तेवढा एकच प्रश्न आला. देशात 2022 या एका वर्षात वीज पडून 2,887 माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्या सगळ्यांचं खापर सुईणींवर फोडायचं का?

मला लोक सांगतात, आता दामिनी ॲप आहे. आहे, आणि चांगलं आहे. आपल्या पुण्याच्याच हवामानशास्त्राच्या संस्थेनं केलंय, वीज पडायच्या आधी इशारा देतं. माझ्या फोनमध्ये आहे. पण वहिनींकडं फोन नव्हता. घरात एकच स्मार्टफोन, तो दादाकडं, आणि दादा त्या दिवशी तालुक्याला. बरं, इशारा आला असता, तरी पुढं काय? "सुरक्षित ठिकाणी जा." कुठं जायचं? मी स्वतः त्या धुऱ्यावर उभं राहून चारी बाजूंना बघून आले. लिंब आहे, पत्र्याचं छप्पर आहे, आणि नजर पोचते तिथपर्यंत उघडं रान.

नाही, थोडं चुकलं माझं. शाळा आहे. तीन खोल्या, वर स्लॅब, त्या शेतापासून झपझप चाललं तर सात-आठ मिनिटं. मी घड्याळ लावून चालून बघितलं. वीज दिसल्यापासून आवाज यायला तीस सेकंदं लागली तर ती दहा किलोमीटरवर असते, तेव्हाच निघायचं असतं. त्या चौघींनी पहिली वीज बघितली ती पार लांब होती, असं वाचलेल्या मावशी सांगतात. पाऊण तास आधी. पाऊण तास! सहज पोचल्या असत्या. पण मे महिना, शाळेच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली तालुक्याला. शाळेवर वीज अटकाव करणारी सळई आहे, तिची जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी कुणीतरी केव्हाच कापून नेलीय. म्हणजे सळई वर, आणि खाली काहीच नाही.

काही जण म्हणतील, सात-आठ मिनिटांसाठी काम टाकून कोण जातं, रोज बुडतो. खरंय. तोडलेल्या शेंगांवर पैसे असतात, आभाळ आलं की हात जास्तच जोरात चालवायचे असतात. मग ज्याचं शेत त्यानं म्हणावं ना, "बायांनो, उठा, अर्धा रोज माझ्याकडून." म्हणतंय कुणी? माझ्या भावकीतलं कुणी म्हणत नाही. माझे वडील म्हणायचे का, हे मी आज आईला विचारलं. ती गप्प बसली.

छपराखाली गेलं म्हणजे झालं, असंही नाही. अकोला जिल्ह्यात पारसला 9 एप्रिल 2023 ला मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडवर मोठा लिंब कोसळला. वादळ आलं म्हणूनच माणसं त्या शेडमध्ये थांबली होती. सात जण गेले. मी उगाच लिंबाला दोष देत नाही. तीच आपली सावली आहे, मराठवाड्यात दुसरं आहे काय? पण आपल्या माणसांना आभाळ फाटल्यावर जायला एक झाड आणि एक पत्रा याशिवाय तिसरं काही नाही. ज्या बाईनं ओसरीवर "पायाळू" म्हटलं, तिचीही सून त्याच रानात जाते.

तिच्यावरचा राग आता लिहिता लिहिता थोडा ओसरलाय. तिला वाईट बोलायचं नव्हतं. तिला भीती वाटतेय. वहिनी पायाळू असल्या तर तिची सून वाचणार, एवढंच तिला हवं होतं. माझी आजी तरी दुसरं काय करत होती? तीही तेच मानायची. पण तिचं मानणं मला घरात ओढून घ्यायचं. पक्क्या भिंतींच्या आत, दारापासून लांब, अंग झाकून, शेजारी माणूस बसलेलं. आज हवामान खातं जे सांगतं त्यातलं निम्मं ती न शिकता करत होती. मी चाळीस उन्हाळे पायाळू असूनही जिवंत आहे, कारण मला घर होतं आणि आत ओढायला आजी होती. वहिनी सरळ जन्मल्या होत्या. म्हणून त्यांना कुणी आत ओढलं नाही.

हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं नुसती बसले होते.

निघताना वहिनींची मुलगी गोठ्यापाशी भेटली. सातवीत आहे. बैलाचा खुंटा तसाच आहे तिथं, दावणही. ती हळूच म्हणाली, "आत्या, मी पण पायाळू आहे का?" मी म्हटलं, "नाही गं. पण मी आहे." तिला खोटं वाटलं. मी चप्पल काढली, पाय पुढं केले, म्हटलं, "बघ, आहेत का काही वेगळे?" ती खाली बसून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या पायाला बोट लावून बघितलं.

गावातल्या कुणी हे वाचत असेल तर एवढं सांगा, शाळेची किल्ली सुट्टीत गावात कुणाकडं ठेवता येईल? मुख्याध्यापकांशी मी उद्या सकाळी फोनवर बोलते. दुसरी किल्ली करायचे पैसे मी देते, फाटकाजवळच्या घरातल्या मावशी ठेवायला तयार आहेत, मी आजच विचारून आले. तांब्याच्या पट्टीचं पंचायतीला लेखी द्यावं लागेल, अर्ज मी लिहिते, सह्या तुम्ही करा. परवापासून पुन्हा वादळी पाऊस सांगितलाय, आणि धुऱ्यापलीकडच्या दोन एकरांतल्या शेंगा अजून तोडायच्या राहिल्यात.