जर्मन चर्च आणि नाझी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘नाझीवाद आणि ख्रिस्ती धर्म यांचा काडीचाही संबंध नव्हता’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या वसईतल्या ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे : हिटलर आणि त्याची माणसे निरीश्वरवादी होती; चर्चने त्यांना एकमुखाने विरोध केला; जे थोडे धर्मगुरू त्यांच्या बाजूला गेले ते बंदुकीच्या धाकाने गेले, आणि तेही अर्धशिक्षित होते, कारण बायबल नीट वाचलेला माणूस वंशद्वेष करूच शकत नाही; युद्ध संपताच अशांना चर्चने बाहेरचा रस्ता दाखवला. म्हणून ख्रिस्ती समाजात अतिरेकी विचाराला कधी थारा मिळालेला नाही, असा शेवटी निर्वाळा. असा प्रत्येक मजकूर खोडत बसण्याची हौस मला नाही. पण माझी भाची धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या मुलांपुढे हाच संदेश वाचून दाखवणार आहे असे कळल्यावर गप्प बसवेना.

निरीश्वरवादाचा दावा लवकर निकालात निघतो. नाझी पक्षाच्या १९२० सालच्या कार्यक्रमातले चोविसावे कलम सांगते की, पक्षाची भूमिका ‘सकारात्मक ख्रिस्ती धर्मा’ची आहे. हे कलम केवळ मतांसाठी होते, असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही. मते कोणाकडून मिळवायची हे पक्षाला पक्के ठाऊक होते. मे १९३९ च्या जनगणनेत, म्हणजे नाझी राजवटीची सहा वर्षे उलटून गेल्यावरही, सुमारे ९४ टक्के लोकांनी आपली नोंद प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणून केली. वरचे चार नेते नास्तिक होते असे घटकाभर धरले, तरी ज्यूंच्या याद्या करणारे, त्यांना हद्दपार करणाऱ्या गाड्या चालवणारे आणि हद्दपार शेजाऱ्याच्या सामानावर बोली लावणारे लोक रविवारी कुठे जात होते, हा प्रश्न उरतोच.

बंदुकीच्या धाकाचे म्हणावे, तर २३ जुलै १९३३ रोजी जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका झाल्या. वंशाच्या पायावर चर्च उभारू पाहणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीने त्यांत सुमारे दोन तृतीयांश मते मिळवली. आदल्या रात्री हिटलरने रेडिओवरून या चळवळीची बाजू घेतली होती आणि विरोधकांच्या प्रचारावर पोलिसांची धाड पडली होती, हे मान्य. पण मते टाकणारे चर्चचेच सभासद होते. सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चची धर्मसभा भरली, तेव्हा कित्येक प्रतिनिधी नाझी दलाच्या तपकिरी गणवेशात येऊन बसले आणि ज्यू वंशाच्या व्यक्तीला चर्चमध्ये पद मिळू नये असा ठराव करून उठले. बर्लिनच्या मारिएनडोर्फ भागात १९३३ ते १९३५ या काळात बांधलेले एक चर्च आजही उभे आहे. त्याच्या लाकडी प्रवचनपीठावर येशूभोवती जमलेल्या माणसांत एक सैनिक कोरलेला आहे, आणि स्नानसंस्काराच्या कुंडावर हातात टोपी धरलेला नाझी स्वयंसेवक. असे नक्षीकाम कोणी धाकाने करवून घेत नाही. त्यासाठी आराखडा मंजूर करणारी हौशी समिती लागते.

आता बायबल वाचलेल्यांचा मुद्दा. सगळ्यांत हास्यास्पद तो हाच आहे, आणि मुलांपुढे वाचायला सगळ्यांत घातकही. ६ मे १९३९ रोजी आयझेनाख इथे, ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर याने नवा करार जर्मन भाषेत आणला तिथेच, चर्चजीवनातला ज्यू प्रभाव नाहीसा करण्यासाठी एका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. तिला पाठबळ होते अनेक प्रांतिक चर्चांचे. तिचा शैक्षणिक प्रमुख वाल्टर ग्रुंडमान येना विद्यापीठात नवा करार शिकवत होता. तो ज्याच्या हाताखाली तयार झाला त्या गेरहार्ड किटेलने संपादलेला नव्या कराराच्या ग्रीक शब्दांचा कोश अभ्यासक आजही उघडतात. या विद्वानांनी केले काय? १९४० साली नव्या कराराची एक ‘शुद्ध’ आवृत्ती काढली आणि तिच्यातून येशूच्या वंशावळी व जुन्या कराराशी असलेले धागे उपटून टाकले. पाठोपाठ गीतांचे पुस्तक आले. त्यातून सियोन, आलेलुया असे हिब्रू शब्दही गेले. येशू गालील प्रांताचा होता, म्हणून तो ज्यू नव्हता, हे सिद्ध करण्यासाठी ग्रुंडमानने ग्रंथ लिहिला. मत्तयचे शुभवर्तमान ज्या वंशावळीने सुरू होते ती अब्राहाम आणि दाविदाच्या नावांची आहे, हे आमच्या पहिल्या कम्युनियनच्या पोरांनाही ठाऊक असते. त्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ज्यांना हे नुसते ऐकीव वाटते त्यांनी सुझॅना हेशेल यांचा २००८ सालचा ‘द आर्यन जीझस’ हा ग्रंथ वाचावा. चर्चच्याच दफ्तरखान्यांतल्या कागदांवर तो उभा आहे.

पुस्तकांपेक्षा वाईट प्रकार चर्चच्या नोंदवह्यांचा. नोकरीसाठी ‘आर्य’ असल्याचा पुरावा द्यावा लागे आणि तो आजी-आजोबांच्या स्नानसंस्काराच्या दाखल्यांतून निघे. ते दाखले धर्मगुरूंच्या कचेऱ्यांतून उतरवून दिले जात, आणि तिथेच एखाद्याची आजी मुळात ज्यू होती हे उघडकीला येई. बर्लिनमध्ये तर १९३६ पासून चर्चच्याच कचेरीत अशा स्नानसंस्कारित ज्यूंची वेगळी कार्डे तयार होऊ लागली. पुढे १७ डिसेंबर १९४१ रोजी, बर्लिनहून ज्यूंना भरून नेणाऱ्या गाड्या सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, सात प्रांतिक प्रोटेस्टंट चर्चांनी जाहीर केले की स्नानसंस्काराने वंश बदलत नाही, म्हणून ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसाला आपल्या चर्चमध्ये स्थान नाही. ज्या माणसांना वर्षानुवर्षे प्रभुभोजन दिले, त्यांनाच छातीवर ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा असताना दारातून परत पाठवण्याचा हा निर्णय होता. याला थारा म्हणायचे नाही, तर दुसरे काय?

हे सगळे प्रोटेस्टंटांचे, असे म्हणून आम्ही कॅथलिकांनी हात झटकण्यातही अर्थ नाही. नाझी पक्षाविरुद्ध आमच्या जर्मन बिशपांनी घातलेली बंदी २८ मार्च १९३३ रोजी त्यांनीच उठवली आणि २० जुलैला व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करार केला.

संदेशात खरे काही आहे का? आहे, अर्धे. डाखाउच्या नाझी छळछावणीत सुमारे २,७०० धर्मगुरू डांबले गेले, त्यांतले बहुतेक पोलंडचे कॅथलिक होते. बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये अपंगांच्या हत्येविरुद्ध उघड प्रवचन दिले. बर्लिनचे फादर लिख्टेनबेर्ग ज्यूंसाठी जाहीर प्रार्थना करत राहिले आणि १९४३ साली डाखाउच्या वाटेवर मरण पावले. नाझींना विरोध करणारे प्रोटेस्टंट धर्मगुरू बॉनहोफर यांना एप्रिल १९४५ मध्ये फाशी झाली. पण ही नावे आपल्याला पाठ आहेत ती ते विरळा होते म्हणून. चर्चमधल्या विरोधकांचा मोठा दस्तऐवज म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या मे १९३४ च्या बार्मेन घोषणेत सहा कलमे आहेत आणि ज्यूंबद्दल एक शब्दही नाही.

राहिला युद्धानंतरच्या हकालपट्टीचा दावा. ग्रुंडमानची विद्यापीठातली जागा १९४५ साली गेली, हे खरे. मात्र थुरिंगियाच्या चर्चने त्याला पुन्हा जवळ केले, शुभवर्तमानांवरची त्याची भाष्ये पूर्व जर्मनीत छापली आणि वाचली गेली, आणि १९५० च्या दशकात त्याच आयझेनाख गावात तो धर्मशिक्षक तयार करणाऱ्या चर्चच्या विद्यालयाचा प्रमुख झाला.