ज्या दिवशी मामाने मला ‘आप’ म्हटलं

मामा मला जन्मापासून ‘ए’ म्हणत आलाय. ए, चहा टाक. ए, माझा चष्मा बघ कुठेय. लग्न झालं, पोरं कॉलेजात गेली, केस पांढरे झाले, तरी इंदूरच्या रामबागेत त्याच्या घरात पाय ठेवला की मी ‘ए’. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, दाखवायला याच मामाने मला खांद्यावर बसवून राजवाड्यापर्यंत नेलंय. रात्री दोनला मी त्याच्या डोक्यावर गाल टेकून झोपले आणि लाळ गाळली, हे तो अजून माझ्या मुलांना सांगतो.

त्या मामाने २९ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला उद्देशून लिहिलं, ‘आप जैसे लोगों की वजह से ही ये देश पीछे रह गया.’

मी बराच वेळ त्या ‘आप’कडे बघत बसले. शिवी दिली असती तर चाललं असतं. त्याच्या शिव्या मी लहानपणापासून खाल्ल्यात.

इंदूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. तो सोमवार होता, लोकसभेचे अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला, आणि थोड्याच वेळात भाजपचे नेते कैलास विजयवर्गीयांनी त्यांच्यासोबत गाडीत काढलेला सेल्फी सगळ्या शहराच्या मोबाइलवर. आठवडाभर आधी सुरतेला भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला होता. आमच्याकडे बाकीचे उमेदवार उरले होते, म्हणून निदान मतदान तरी झालं. काँग्रेसने लोकांना सांगितलं, नोटा दाबा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चं बटण.

मामाने ग्रुपवर टाकलं, ‘मास्टरस्ट्रोक’, आणि पुढे हसरे चेहरे. मी लिहिलं, यात हसण्यासारखं काय आहे, मी तर नोटाच दाबणार. तो म्हणाला, मत वाया घालवणं म्हणजे बेजबाबदारपणा. इथपर्यंत सगळं मराठीत आणि ठीक चाललं होतं.

आता जे सांगते ते आमच्या घरातही सगळ्यांना माहीत नाही, कारण तो मेसेज मी चार मिनिटांत डिलीट केला. त्याच्या ‘आप’च्या आधी माझा ‘अंधभक्त’ होता. ‘तुम अंधभक्तों से बात करना ही बेकार है.’ हो, हिंदीत. मामाने तो डिलीट व्हायच्या आत वाचला होता. तेव्हा सुरुवात माझी आहे, हे आधी कबूल.

पण हिंदीत का? आमच्या ग्रुपवर वाढदिवस मराठीत होतात. पुरण सैल झालं तर काय करायचं, हे मराठीत विचारलं जातं. कोणी गेलं तर भावपूर्ण श्रद्धांजली मराठीत. राजकारण निघालं की दोन मेसेजांत गाडी हिंदीच्या रुळावर जाते. इंदूरचे आहोत, निम्मं हिंदीच बोलतो, हे खरंच. तरी मला वाटतं कारण दुसरं आहे. भांडायचे शब्द हिंदीत तयार मिळतात, सेव-परमलसारखे, पुडी उघडा आणि तोंडात टाका. भक्त, चमचे, टुकडे टुकडे गैंग, गोदी मीडिया. यातला एकही शब्द आमच्या घरात जन्मला नाही. मराठीत भांडायचं असतं तर मला म्हणावं लागलं असतं, ‘मामा, तू चुकतोयस.’ आणि असं म्हटलं की तो विचारणार, ‘कुठे ते सांग.’ मग सांगावं लागतं, आणि त्यासाठी विचार करावा लागतो. अंधभक्त म्हटलं की तेवढा त्रास वाचतो.

याहून मोठी गंमत अशी, की खऱ्या मामा-भाचीत ज्याच्यावरून हे झालं, ते आमचं राजकारण सगळं नात्याच्याच भाषेत चालतं. आमच्या शहरात वर्षानुवर्षं भाजपचे दोन गट कसे ओळखले जात? ताई आणि भाई. ताई म्हणजे सुमित्रा महाजन, भाई म्हणजे विजयवर्गीय. आडनाव उच्चारायची गरजच नाही. भोपाळला मामा बसलेले, म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह. त्यात मार्च २०२४ मध्ये लालूप्रसादांनी पंतप्रधानांना कुटुंबच नाही असं काहीतरी काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भाजपचे सगळे नेते नावापुढे ‘मोदी का परिवार’ लावू लागले. आमच्या मामानेही व्हॉट्सअ‍ॅपवर नावापुढे ते लावलं. म्हणजे त्या हिशोबाने मीही आले त्या परिवारात, मला कोणी विचारलं नाही एवढंच.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट १९८९ ची, आणि तिला मी आजही मनापासून दाद देते. इंदूरला तेव्हा काँग्रेसचे प्रकाशचंद सेठी खासदार होते. मुख्यमंत्री राहिलेले, देशाचे गृहमंत्री राहिलेले. समोर सुमित्राताई, चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला आलेली. त्यांनी मत कसं मागितलं? मी इंदूरची सून आहे, सेठीजींनी आता घराची चाबी सुनेच्या हातात द्यावी. झालं. ना धोरण, ना आकडा, ना शिवी. सेठींबद्दल एक वाकडा शब्द नाही, उलट त्यांना घरातला वडीलधारा करून टाकलं आणि बाजूला बसवलं.

माझी आजी जन्मभर काँग्रेसवाली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा: कपाटाची, कोठीची, तुपाच्या फडताळाची, आणि दोन अशा, की त्यांची कुलपं कधीच मोडून गेली होती. तो जुडगा तिला स्वतःला मिळाला तो सासू वारल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. चाबीचं ऐकल्यावर तिने पहिल्यांदा हाताचा पंजा सोडला. आजोबांना सांगितलंही नाही. तिच्या मताला मी भाबडं म्हणणार नाही. तिला त्या एका शब्दात स्वतःची वीस वर्षं दिसली.

ताई त्या निवडणुकीपासून सलग आठ वेळा निवडून आल्या, २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीही त्यांना मत दिलंय. पण आमच्या घरात या तीस वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही की खासदार म्हणून यंदा काय झालं. मी एकदा विचारलं तर मामा दुखावला. ‘ताईंना असं विचारतात का?’ बरोबरच आहे, नाही विचारत. घरच्या सुनेला महिन्याचा हिशोब मागणारा माणूस खडूस दिसतो. चाबी सुनेकडे गेली की कोठीत काय शिल्लक आहे हे बघायला आपण मोकळे राहत नाही.

आणि नातं तरी किती पक्कं? २०२४ च्या त्या प्रकारानंतर ताईंनी आश्चर्य व्यक्त केलं, काही सुशिक्षित लोक फोन करून आपण नोटा दाबणार असं सांगतायत, हेही म्हणाल्या. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. वाटलं, आता तरी मामा ऐकेल. मामाने लिहिलं, ‘ताई आता वयस्कर झाल्या.’ तीस वर्षांची ताई, आणि एका ओळीत वयस्कर!

आता भोपाळच्या मामांकडे येते. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी लाडली बहना योजना सुरू झाली, १० जूनला पहिले हजार रुपये खात्यात आले, निवडणुकीआधी त्याचे साडेबाराशे झाले. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी बुऱ्हाणपूरकडच्या आहेत. दर महिन्याला मेसेज आला की त्या मोबाइल माझ्यापुढे धरायच्या, ‘बघा ना वहिनी, मामाचे आले का?’ बँकेचे नाही, सरकारचे नाही, मामाचे. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं, डिसेंबरच्या निकालात भाजपला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री झाले मोहन यादव. त्या आठवड्यात मावशी लाटणं हातात धरून तशाच थांबल्या. ‘वहिनी, मामा तर गेले. आता पैसे येतील की नाही?’

मी हसले, आणि नंतर मला हसल्याची लाज वाटली. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मामाने दिलेले पैसे मामाबरोबर जाऊ शकतात. योजना सरकारची आहे, पैसा तिजोरीतला आहे, आणि त्या तिजोरीत मावशींच्या साबणाचा-बिस्किटांचा करही आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शब्द असा निवडला होता की ते लक्षात येऊच नये.

पुण्याची मावसबहीण ग्रुपवर मला चिडवायची की तुमच्याकडे ‘बहना’ काय, सिनेमातलं वाटतं. जून २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात तीच बहना ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ होऊन आली, दीड हजार घेऊन. त्यातला ‘माझी’ शब्द बघा. ‘माझी’ म्हणजे कोणाची? बोलतोय कोण? पैसे तुमचे, बहीण त्यांची. ओवाळणीच्या ताटात किती पडले ते भावासमोर मोजायचं नसतं, आत जाऊन मोजायचं असतं. विरोधक तरी हिशोबाची भाषा बोलले का? त्यांनी महालक्ष्मी काढली आणि तीन हजार सांगितले. म्हणजे भाऊ पंधराशे देतो तर देवी तीन हजार. लोकसभेला राहुल गांधींचं खात्यात ‘खटाखट’ पैसे होतंच. आणि त्याच महाराष्ट्रात ‘बटेंगे तो कटेंगे’ आलं ते मात्र भाषांतर न करता, जसंच्या तसं. लाड मराठीत, भीती हिंदीत. पुणेकर मंडळींनी आमच्या इंदुरी मराठीला हसण्याआधी याचा विचार करावा.

आदर्श आचारसंहितेत जातीधर्माच्या भावनांना हात घालून मत मागू नका, विरोधकाच्या खाजगी आयुष्यावर बोलू नका, असं लिहिलेलं आहे. नात्याच्या नावाने मागू नका, असं कुठे नाही. असावं, असंही मी म्हणत नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणणार? २०२३ च्या त्याच डिसेंबरमध्ये मावशींनी पाचशे रुपये वाढवून मागितले तेव्हा मी म्हणाले होते, ‘मावशी, तुम्ही तर आमच्या घरच्याच.’ आणि तीनशे वाढवले.

१३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना बोटावरची शाई दाखवली की पोहे-जिलबी फुकट होती. मी गेले. मामाही दर निवडणुकीला जातो, पण दिसला नाही. ४ जूनला निकाल लागला. मामाने ग्रुपवर एक आकडा टाकला, ११,७५,०९२, भाजपच्या शंकर लालवानींचं मताधिक्य. त्याच मिनिटाला मी एक टाकला, २,१८,६७४, नोटाला पडलेली मतं, देशात तोवर कुठल्याही मतदारसंघात पडली नव्हती इतकी. ना त्याने काही शब्द लिहिला, ना मी. दोन्ही आकडे खरे, दोन्ही एकाखाली एक. खाली मामीने मुगाच्या हलव्याचा फोटो टाकला.

पुढे तीन-चार महिने बोलणं नव्हतं. मग एक दिवस फोन. ‘ए, हे लाइटचं बिल मोबाइलवरून कसं भरतात?’ मी गेले. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, मामीने आवाज बंद केला. बिल भरून झालं. मामा चष्मा पुसत म्हणाला, ‘आणि ते तेव्हाचं, आप-बिप, ते मी लिहिलं नव्हतं. कुणाचं तरी आलेलं, पुढे ढकललं.’

मी म्हटलं, ‘माझं मीच टाइप केलं होतं.’

‘माहितीये,’ मामा म्हणाला. ‘अनुस्वार नव्हता त्यावर. अधभक्त लिहिलं होतंस.’