‘हॅकर घुसलाय, लगेच फोन करा’ म्हणे!

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला तेव्हा ती चक्क कुजबुजत होती. "अगं, कॉम्प्युटर चालूच ठेवलाय. बंद केला तर हार्ड डिस्क जळते ना? आणि तो माणूस दहा मिनिटांत परत फोन करतो म्हणालाय."

कोण माणूस? तर ‘कंपनीचा’.

या सगळ्याच्या मुळाशी होतं एक ढकलपत्र, आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेलं. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक ग्रुपवर पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: ब्राउझरच्या खिडक्या आपोआप उघडायला लागल्या म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर शिरलाय. मशीन बंद करू नका. इंटरनेट काढा. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर फोन करा. टेडी बेअरचं चित्र असलेली फाइल शोधून उडवा, ती नसेल तर सिस्टिम ३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या अनोळखी फाइली उडवा. निदान तीन अँटिव्हायरस टाका. यापुढे फक्त इन्कॉग्निटोमध्ये काम करा. तरीही थांबलं नाही तर फॉरमॅट हाच उपाय.

नंबरवर फोन करण्याचा सल्ला आधी घेते, कारण बाकीच्यांनी फार तर मशीन बिघडतं, याने बँकेतलं खातं रिकामं होतं.

तो लाल पडदा, तो भोंगा, ‘तुमचा डेटा चोरीला जातोय’ हे सगळं म्हणजे एक वेबपान असतं. फुल स्क्रीन करून ठेवलेलं, त्यामुळे ते विंडोजच बोलतंय असं वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की त्यांच्या एरर किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की विषय संपला, पुढे वाचायचीही गरज नाही.

फोन लावला की पुढचं नाटक ठरलेलं असतं. गोड आवाजातला माणूस तुम्हाला एक अ‍ॅप टाकायला सांगतो, ज्यातून त्याला तुमची स्क्रीन दिसते आणि माउसही हलवता येतो. मग तो इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. तिथे लाल आणि पिवळ्या खुणांची रांग असते. "बघा मॅडम, हे सगळे व्हायरस." अहो, ती विंडोजची रोजनिशी आहे! एखादी सर्व्हिस वेळेत सुरू झाली नाही, प्रिंटरने उत्तर दिलं नाही, असल्या बारीकसारीक कुरबुरींच्या नोंदी. अगदी ठणठणीत मशीनमध्येही त्या असतात, माझ्याही आहेत. पूर्वी ही मंडळी विंडोजमधलंच सिसकी नावाचं साधन वापरून मशीनला स्वतःचा पासवर्ड लावून ठेवत आणि सोडवायचे पैसे मागत. शेवटी २०१७ च्या एका अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ते साधनच विंडोज १० मधून काढून टाकलं.

आत्याने अ‍ॅप उतरवलं होतं, पण त्यात दिसणारा, स्क्रीनचा ताबा देणारा नंबर अजून त्या माणसाला सांगितला नव्हता. चष्मा सापडत नव्हता म्हणून. मी तिला आधी अ‍ॅप काढायला लावलं, मग नेट बंद करायला, आणि मगच माझा श्वास जागेवर आला. कुणी नंबर सांगून बसलं असेल तर नेट ताबडतोब तोडा, अ‍ॅप काढा, बँकेला कळवा आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. त्याच मशीनवरून बदलण्यात अर्थ नाही.

नेट काढायचा सल्ला मात्र बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करते. खिडक्यांमागे खरंच काही मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, असेल तर त्याचं बाहेरचं बोलणं थांबतं. पण त्याच दमात ‘बंद करू नका, हार्ड डिस्क जळेल’ हे कुठून आलं? कुठलंही वेबपान डिस्क जाळू शकत नाही. तुम्ही मशीन बंद करून, सावरून, कुणाला तरी विचाराल याचीच त्यांना भीती असते. तेवढंही करायला नको. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. परत उघडल्यावर ‘मागची पानं पुन्हा आणू का’ असं तो विचारेल, तिथे होय म्हणू नका.

आता टेडी बेअर. हे वाचून मी मोठ्याने हसले. ही अफवा २००२ सालची आहे! तेव्हा ती ईमेलने फिरायची. जेडीबीजीएमजीआर नावाची, अस्वलाच्या चित्राची फाइल म्हणजे व्हायरस, चौदा दिवस गप्प बसतो आणि मग उठतो, अशी. प्रत्यक्षात ती मायक्रोसॉफ्टनेच जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या चुका शोधण्यासाठी दिलेली फाइल होती. लोकांनी स्वतःच्या हाताने ती उडवली आणि वर सगळ्या ओळखीच्यांना कळवलं. वीस वर्षांहून जुनं हे अस्वल आता सिस्टिम ३२ ची शेपटी लावून परत आलंय, आणि ती शेपटी जास्त घातक आहे. त्या फोल्डरमधली जवळजवळ प्रत्येक फाइल तुम्हा-आम्हाला अनोळखीच असणार. आत्याने तिथेही हात घातला होता. विंडोजने परवानगी नाकारली म्हणून वाचलो.

तीन अँटिव्हायरस? एकाच फाइलवर तिघे एकदम झडप घालणार आणि मशीन रांगायला लागणार. दुसरा अँटिव्हायरस टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, तो याचसाठी. इन्कॉग्निटोत इतिहास साठत नाही, एवढंच. तिथून उतरवलेली फाइल तितकीच खरी आणि तितकीच घाण असते.

मग आत्याकडे हॅकर होता का? नव्हता. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं कुठल्याशा साइटने म्हटलं आणि तिने दाबलं. म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. तेव्हापासून कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा चिठ्ठ्या यायच्या, एखादीवर क्लिक केलं की खिडकी, त्या खिडकीत आणखी अलाउ. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे गेले तर अकरा साइटी रांगेत बसलेल्या. सगळ्या हाकलल्या. एक्स्टेन्शन्समध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्समध्ये, पीडीएफ बदलून देणारं एक काहीतरी होतं, त्याने सर्च इंजिनही बदललेलं. तेही काढलं. मग बसवलेल्या प्रोग्रॅम्सची यादी तारखेप्रमाणे लावली आणि गडबड सुरू झाली त्या दिवसांतलं जे कुणी मागितलंच नव्हतं ते उडवलं. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. हा मशीन पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांचीही गाठ पडते. पंधरा-वीस मिनिटं लागली. काही सापडलं नाही. तरीही ब्राउझर एकदा रीसेट करून टाकला. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, ही भीती आत्याला होती म्हणून सांगते.

फॉरमॅटची वेळ कधी येतच नाही असं नाही. स्कॅन करूनही तेच मालवेअर परत परत उगवत असेल, किंवा कुणी परका बराच वेळ मशीनमध्ये फिरून गेला असेल, तर फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणंच शहाणपणाचं. पण अकरा नोटिफिकेशनसाठी?

त्या ‘कंपनीच्या’ माणसाचा फोन आला, मी बाजूलाच होते. आत्या म्हणाली, चष्मा सापडला. आणि ठेवून दिला.

मग हळूच कबूल झाली की ते ढकलपत्र तिनेही चार ग्रुपांवर पाठवलंय. दोन ठिकाणचं पुसता आलं. बाकी दोन ठिकाणी मुदत उलटून गेली होती, तिथे आता हे पाठवतेय.