एल्फांचा सातबारा, ऑर्कांचा पाट

रोलप्लेइंग खेळासाठी (फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची तो) नवं जग रचायला बसणार असाल तर आधी खिडकी लावून घ्या. जळगाव-धुळ्याकडे राहत असाल तर पडदाही ओढा. बाहेर एकाच तापीच्या खोऱ्यात लेवा, गुजर, मराठा, भिल्ल, पावरा, तडवी, बंजारा, मारवाडी असे सगळे एकमेकांच्या बांधाला बांध लावून बसलेत. ते बघून तुमच्या नकाशाची घडी विस्कटेल. तुमचा नकाशा कसा सुटसुटीत आहे! टोकदार कानांचे एल्फ जंगलात, बुटके दाढीवाले ड्वार्फ डोंगरात, रानटी ऑर्क उजाड माळावर आणि उरलेलं सगळं माणसाचं. प्रत्येकाला वेगळा रंग द्या, मधे निळ्या शाईने एक नदी काढा. त्या नदीचं पाणी कोण उचलतं, हे मात्र कोणाला विचारू देऊ नका.

(कोणता वंश म्हणजे इथली कोणती जमात, अशी जुळवाजुळव करायला बसू नका. तो उद्योग इंग्रजांनी करून ठेवलाय. त्याच्याकडे येऊच.)

सुरुवात एल्फांपासून करा, कारण ते दिसायला देखणे असतात आणि हिशेबाला कच्चे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो आणि शंभरीच्या आसपास सज्ञान होतो. एवढं आयुष्य त्याने बासरी वाजवण्यात आणि चांदण्याकडे बघण्यात घालवलं पाहिजे. त्याला जमीन घेऊ देऊ नका. घेतली तर काय होईल बघा. आज साडेसातशेचा असलेला एल्फ अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा विशीत होता. खानदेशचे फारुकी सुलतान आले नि गेले, अकबराने १६०१ मध्ये त्यांचा असीरगड घेतला, १८१८ मध्ये इंग्रज आले, १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले; सातबाऱ्यावर नाव तेच. वारस नोंद नाही, वाटणी नाही, भाऊबंदकी नाही. आपल्याकडे बांधाचा दावा आजोबा लावतो आणि निकाल नातू ऐकतो. इथे फिर्यादीही तोच, निकाल ऐकणाराही तोच. वकिलांच्या मात्र पंधरा-वीस पिढ्या त्याच्यावर जगलेल्या. शिवाय त्याने एक रुपया दोन टक्के चक्रवाढीने सातशे वर्षं ठेवला, तर त्याचे दहा लाखांच्या वर होतात. एवढ्या काळात अख्खा रावेर तालुका त्याच्याकडे गहाण पडायला हवा. पण तुमच्या जगात एल्फ गरीब, उदास आणि 'ऱ्हास पावत चाललेले' असतात. सावकार कधी ऱ्हास पावताना पाहिलाय?

याच खेळाच्या जुन्या नियमांनी यावर फार सोपा तोडगा काढला होता. १९७८ च्या पुस्तकात एल्फ जादूगाराला अकराव्या पातळीपुढे बढतीच नव्हती. माणसाला अशी अट नाही. शेकडो वर्षं नोकरी करून कारकुनाच्याच टेबलावर! जगावर माणसांचंच राज्य का, याचं उत्तर हवं असेल तर असा नियम लिहून मोकळं व्हा. आपल्याकडेही बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या आहेत.

जंगल एल्फांचंच आहे, हेही गृहीत धरा. वनहक्काचा दावा वगैरे भानगडीत पडू नका. २००६ च्या कायद्यात अनुसूचित जमातींखेरीज इतर वननिवासींना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो आणि पिढी म्हणजे २५ वर्षं. म्हणजे चारशे वर्षांचा एल्फ एकटाच सोळा पिढ्या झाला. तरीही त्याचा अर्ज 'पुरावा अपूर्ण' म्हणून परत येईल, याची खात्री सातपुड्यातल्या धडगावात कोणीही देईल.

ड्वार्फांचं काम सोपं. डोंगर दिसला की ड्वार्फ बसवा, ड्वार्फ बसवला की सोनं निघतं. आपल्या आजूबाजूचे डोंगर बहुतेक काळ्या बेसाल्टचे. तिथे ड्वार्फ आले तर खडी फोडतील, हे विसरा. त्याहून महत्त्वाचं, ते खातात काय, याचा विचार करू नका. दहा हजार ड्वार्फांची एक बरी भूमिगत राजधानी धरा. माणशी अर्धा किलो ज्वारी धरली तर रोज पन्नास क्विंटल लागते. जमिनीखाली ज्वारी पिकत नाही. म्हणजे रोज बैलगाड्यांची रांग आत गेली पाहिजे, पावसाळ्यातसुद्धा. मग ड्वार्फांचा खरा राजा त्या दगडी सिंहासनावर बसलेला नसतो. तो पायथ्याच्या गावात अडत दुकानाच्या गादीवर टेकून बसलेला असतो. आणि खाणीला टेकू द्यायला, भट्टीला कोळसा करायला लाकूड लागतं. ते कुठून येणार? एल्फांच्या जंगलातून. म्हणजे एल्फ आणि ड्वार्फ यांचं पिढीजात वैर दाढीवरून किंवा कुठल्या पुरातन शापावरून नाही, सरपणावरून आहे. पण सरपणावर महाकाव्य लिहिता येत नाही, म्हणून शापच ठेवा.

हाफलिंगांना, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीच्या वंशाला, केळी द्या. बसराई जात बुटकी असते. घड हाताला येईल. पुढे जाऊ.

आता ऑर्क. जगाला वाईट लोक लागतातच आणि ते जन्मतःच वाईट असले की खेळाडूंना रात्री झोप चांगली लागते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७७ च्या पुस्तकात ऑर्क 'शिस्तबद्ध दुष्ट' होते, २००० च्या आवृत्तीत ते 'बेशिस्त दुष्ट' झाले. मधल्या काळात ऑर्कांच्या घरी काय घडलं, कोणी चौकशी केली नाही. करूही नये. अख्ख्या जमातीचा स्वभाव पुस्तकात एका ओळीत लिहिता येतो, हे सरकारदरबारीही मान्य होतं: १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्यांच्याकडे फासे नव्हते, एवढाच फरक.

खानदेशचा इतिहास मात्र या बाबतीत फार गैरसोयीचा आहे, तेवढा टाळा. कंपनी सरकारला खानदेश मिळाला तेव्हा डोंगरातले भिल्ल म्हणजे त्यांच्या दप्तरी निव्वळ लुटारू. फौजा धाडून झाल्या, जमेना. मग १८२५ मध्ये औट्रम नावाच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं झालं. कालचे लुटारू आज बंदोबस्ताला! दर महिन्याला पगार सुरू झाला की जन्मजात स्वभाव असा बदलतो. डोंगराच्या वाटा कोणी अडवल्या, जंगल कोणाचं झालं, पोटाला काय राहिलं, असले प्रश्न तुमच्या ऑर्कांच्या बाबतीत निघाले तर तुमच्या शूर खेळाडूंनी त्यांच्या वस्तीत घुसून नेमकं काय केलं, तेही निघेल.

सगळे वंश एकच 'सामाईक भाषा' बोलतात, हे तर ठरलेलंच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला चुकूनही जाऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याला ढोल वाजत असतो, डोंगरातून उतरलेली माणसं होळीसाठी गूळ, डाळ्या, साखरेचे हार घेत असतात. किराणा दुकानदार पावरा गिऱ्हाइकाशी पावरीत दर ठरवतो, लगेच मान वळवून शेतकऱ्याला अहिराणीत टोकतो, "पैसा कवय देशी रे भो?" (पैसे कधी देशील?), ट्रकवाल्याशी हिंदीत भांडतो आणि पोराला मारवाडीत गोणी उतरवायला सांगतो. तागडी धरलेला हात या सगळ्यात हलत नाही. पारडं कोणत्या बाजूला झुकलंय, ते गिऱ्हाईकही बघत असतं. दोघंही बोलत नाहीत, कारण पुढच्या बाजारी पुन्हा तोंड बघायचंय. डोंगरातून मोहाची फुलं, चारोळी, डिंक खाली येतो. खालून मीठ, तेल, कापड वर जातं.

गॉस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हेच काचेच्या नळीत दाखवलं होतं. एकाच खाण्यावर जगणाऱ्या दोन जातींचे सूक्ष्मजीव एकत्र ठेवले तर एक जात संपली. पण तिसरी जात, जी तळाशी राहून वेगळं खायची, ती त्याच हरलेल्या जातीबरोबर टिकली. म्हणजे तुमचे सगळे वंश एकाच माळावर गहू पेरत असतील तर हजार वर्षांत एकच वंश उरायला हवा. आणि वेगवेगळं खात असतील तर त्यांना एकमेकांकडून काहीतरी विकत घ्यावं लागेल, उधार ठेवावं लागेल, आणि उधारीवरून भांडावं लागेल. यात तलवार कुठे काढायची?

अर्ध-एल्फही (एल्फ आणि माणूस यांची पोरं) मोजकेच ठेवा, तेही दुःखी. युरोपात निअँडरथल नावाची दुसरी मानवजात आणि आपले पूर्वज काही हजार वर्षं शेजारी होते. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी निअँडरथल संपले, पण आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकांत एक-दोन टक्के अजून शिल्लक आहेत. म्हणजे शेजार पुरेसा जुना झाला की सगळ्यांचेच कान किंचित टोकदार व्हायला पाहिजेत आणि जात पडताळणीच्या रांगेत अख्खं राज्य उभं पाहिजे. एवढे अर्ज तपासणार कोण?

सगळ्यात मोठा धोका मात्र धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या काठी आहे. तिथली फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे तुकडे, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ज्याचं शेत आहे त्याने पाण्याला हात लावायचा नाही. दार उघडणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा, त्यांच्यावर हवालदार, आणि कमी पाऊस झाला तर किती फड भिजवायचे ते पंच ठरवणार. मेहनताना बऱ्याचदा धान्यात. शेजारच्या दोन वाफ्यांचे मालक एकमेकांच्या लग्नाला जात नसले तरी त्यांच्या उसाला पाणी वेळेवर मिळतं. ही कल्पना तुमच्या जगात शिरली तर सगळं बिघडलंच म्हणून समजा. वरच्या अंगाला ऑर्क, खालच्या अंगाला हाफलिंग, बंधारा ड्वार्फांनी बांधलेला, पंचात तीनशे वर्षं तोच खडूस एल्फ, आणि पाटकरी म्हणून एखादा अर्ध-ऑर्क, कारण दोन्हीकडचे त्याच्यावर सारखाच संशय घेतात. अशा जगात युद्ध लागायला फार वेळ लागतो. युद्ध लागलं तरी पाळी असलेला माणूस मधेच उठून पाणी भरायला जातो.

तेव्हा खेळाडू निवडताना काळजी घ्या. त्यात एखादा त्याच पांझरा खोऱ्यातल्या साक्रीकडचा निघाला आणि पहिल्याच सत्रात राक्षसाच्या किल्ल्यासमोर उभा राहून "इथला पाटकरी कोण?" असं विचारू लागला, तर फासे न टाकता त्याच्यावर ड्रॅगन सोडा.