गाठ पसरलेली नसतानाही शस्त्रक्रिया रद्द होते

फुफ्फुसाच्या कर्करोगाची ठरलेली शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द होते ती आजार पसरल्याचे आढळल्यामुळे, एवढेच, ज्याबद्दल हे पत्र आहे त्या लेखात म्हटले आहे. ते अपुरे आहे. पेट स्कॅनमध्ये (आजाराच्या जागा उजळून दाखवणाऱ्या तपासणीत) छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथी उजळल्या किंवा फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या, तर बेत बदलतो हे खरेच. पण उरलेले फुफ्फुस माणसाला पुरेल काय, हा प्रश्नही तितकाच निर्णायक असतो. त्यासाठी एका सेकंदात जोराने सोडलेली हवा आणि फुफ्फुसातून रक्तात वायू मिसळण्याची क्षमता मोजतात. शस्त्रक्रियेनंतर ही दोन्ही मापे अपेक्षित प्रमाणाच्या ६० टक्क्यांहून अधिक राहतील असे दिसले तर सहसा पुढील चाचणी लागत नाही, त्याखाली जिना चढवून पाहतात आणि ३० टक्क्यांच्या आत आणखी बारकाईने तपासतात.

यवतमाळ जिल्ह्यातील आमचे काकाजी, जन्मभर बिडी ओढलेले, नागपूरला भरती झाले होते. गाठ लहान, कुठेही पसरलेली नाही. पण श्वास मोजण्याच्या नळीला ओठ घट्ट लावून फुंकताना त्यांचा दम क्षणात संपे. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि 'डॉक्टरांनी हात टेकले, आता घरीच सेवा करा' ही बातमी आमच्याआधी गावात पोहोचली. (कारण मराठीत लिहून कोणी हाती दिले असते, तर काकूंची रडारड तरी टळली असती.) प्रत्यक्षात अशा लहान गाठीवर नेमका किरणोपचार करता येतो आणि काकाजींना तोच देण्यात आला. लेखात या पर्यायाचा साधा उल्लेखही नाही. तो लेखकाने अवश्य जोडावा.