रिपोर्टला उशीर का झाला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

मंगळवारी आईंना घेऊन आमच्या स्कॅन सेंटरमध्ये तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. उपाशीपोटी आलेल्या वयस्कर बाईंना बाकावर बसवून ठेवणं मलाही बरं वाटलं नाही.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "सगळं कॉम्प्युटरवर, रिपोर्ट मशीनच टाइप करतं, तरी साडेतीन तास बसवलं आणि पैसे मात्र पुरे घेतले." ते वाचून रात्री झोप लागली नाही. राजारामपुरीत २००४ साली सुरुवात केली तेव्हा डार्करूममध्ये एक्स-रेच्या फिल्म धुऊन क्लिपला वाळत टाकायचो. संध्याकाळी टायपिस्ट यायचा, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तिथून इथवर कर्ज काढून आलोय.

आधी वेळेचं सांगतो. ११.२० ला नोंदणी, १२.०५ ला सीटी स्कॅन पूर्ण, २.१० ला रिपोर्टवर माझी सही. म्हणजे २ तास ५० मिनिटं, साडेतीन तास नव्हे. या वेळा आठवून लिहीत नाही. प्रत्येक टप्प्याची नोंद सिस्टिम आपोआप ठेवते, ती मलाही खोडता येत नाही.

आमच्याकडे नाव काउंटरवर एकदाच टाकतात. तिथून ते सीटी मशीनवर, प्रतिमांवर, रिपोर्टच्या मथळ्यावर आपोआप जातं. टेक्निशियनला पुन्हा टाइप करावं लागत नाही, आणि जुन्या तपासण्याही त्याच नोंदीवरून पुढ्यात येतात. पण पहिल्या पायरीला चुकलं की ती चूकही सगळीकडे जाते. तुम्ही आईंचं घरातलं हाकेचं नाव सांगितलंत, ओळखीच्या कार्डावर वेगळं आहे. "आधी इथे तपासणी झाली आहे का?" याला "नाही" म्हणालात. खोटं बोललात असं मी म्हणत नाही, मागच्या वेळी तुमचे भाऊ आले होते हे नंतर कळलं. सिस्टिमने मात्र आईंना नवीन पेशंट धरलं.

१२.५० ला रिपोर्ट जवळपास तयार होता. मी माइकवर बोलतो, शब्द स्क्रीनवर उमटतात, साचा आधीच भरलेला असतो. मशीन टाइप करतं हे खरं आहे. पण बघावं लागतं मलाच. चार-पाचशे प्रतिमा वरखाली सरकवताना अर्जात नसलेली एक जुनी खूण दिसली. बाहेर येऊन आईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "गेल्या साली हितंच फोटू काढलाता की." कार्ड घरी होतं. भावाने त्याचा फोटो पाठवेपर्यंत पाऊण तास गेला. मग जन्मतारीख ताडून दोन नोंदी एक केल्या. हे काम घाईत करत नाही, दुसऱ्याच कुणाची तपासणी आईंच्या नावावर चढली तर? जुना सीटी आमच्या आधीच्या मशीनवरचा, वेगळ्या कंपनीचा. डायकॉम ही प्रतिमा साठवायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत असल्याने दोन्ही शेजारी शेजारी उघडले.

काय दिसलं ते इथे लिहिणार नाही, ती तुमच्या घरची गोष्ट आहे. रिपोर्टमध्ये "मागील तपासणीशी तुलना करता" अशी ओळ आहे, तेवढी डॉक्टरांना दाखवा. १२.५० ला सही केली असती तर ती ओळ तिथे नसती.

पैशांचं म्हणाल तर दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे, त्याहून एक रुपया जास्त घेतलेला नाही.

काउंटरवरच्या मुलीवर तुम्ही ओरडलात, ते मात्र लागलं. ती रोज कागलहून एसटीने येते. तिने विचारायचं ते सगळं विचारलं होतं. मला बोलला असतात तर ऐकून घेतलं असतं.

आमची चूक एवढीच की थांबायचं कारण तुम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. ती माझी. यापुढे नोंदणीलाच कार्ड बघायचं, उशीर होणार असेल तर सांगायचं, असं स्टाफला बजावलंय. मोबाइलवर मेसेज जाईल असंही काही बघतोय.

आईंच्या पाकिटात सीडी आहे, जुनी आणि नवी दोन्ही तपासणी तिच्यात आहे. पुढे पुण्या-मुंबईला दाखवायचं झालं तरी तीच न्या, आणि तिथे कार्डावरचंच नाव सांगा.